कुदळ मारण्याआधी

मी पाहिलेलं पहिलं देवगांडूळ मेलेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, आर्द्रा नक्षत्रात, आमचे तात्या ओढ्याकडच्या खाचराचा फुटलेला बांध घालत होते. कुदळीच्या घावासरशी मातीच्या ढेपेतून वीतभर लांबीचं, करडं-जांभळं, बुळबुळीत काहीतरी बाहेर पडलं. "दुतोंड्या!" म्हणत तात्यांनी दुसरा घाव घातला. मी नऊ वर्षांचा. वळवळणाऱ्या दोन तुकड्यांकडे बघताना त्यातलं तोंड कुठलं तेच मला कळेना. तात्यांनाही कळलं नसावं, कारण खबरदारी म्हणून त्यांनी दोन्ही तुकडे ठेचले.

तात्या दुष्ट नव्हते. पडवीत फिरणाऱ्या धामणीला त्यांनी कधी काठी लावली नाही. ती उंदीर खाते, हे त्यांना ठाऊक होतं. जिचं नाव आणि काम माहीत होतं ती वाचली, ज्याचं माहीत नव्हतं ते मेलं. हिशेब एवढाच होता. तो माझ्या ध्यानात यायला चाळीस वर्षं लागली.

आमचं गाव मार्गासनी. नसरापूरहून वेल्ह्याला जाताना गुंजवणीच्या खोऱ्यात लागतं. राजगडाला जाणारी मंडळी आमच्या फाट्यावर चहा पितात आणि साखर-गुंजवण्याकडे वळतात. त्यांची नजर वर, बालेकिल्ल्याकडे. माझी खाली, दगडाखाली. बँकेतली नोकरी पुण्यात झाली, पण गेली पंधरा वर्षं पावसाळ्यातला एकही शनिवार-रविवार मी गाव चुकवला नाही आणि निवृत्तीनंतर तर इथेच असतो. या पंधरा पावसाळ्यांत देवगांडुळाची ओळख करून घेताना जे शिकलो, ते इथे मांडतो. शिकलो त्या क्रमाने नाही, उपयोगी पडेल त्या क्रमाने.

त्याआधी दोन ओळींत ओळख. देवगांडूळ हे गांडूळ नाही आणि सापही नाही. ते उभयचर, म्हणजे बेडकाच्या गणगोतातलं. उभयचरांची तीन घराणी आहेत. बेडूक आणि भेक हे पहिलं. चार पाय आणि शेपूट असलेले सॅलमँडर हे दुसरं. पायच नसलेली देवगांडुळं हे तिसरं. सॅलमँडरच्या आठशेहून जास्त जाती जगात आहेत, पण सह्याद्रीत एकही नाही. भारतात तो बघायचा तर दार्जिलिंग, सिक्कीम आणि त्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांत जावं लागतं. पानांच्या कुजक्या थराखाली, ओल्या दगडाआड गुपचूप राहणारा प्राणी ही जी सॅलमँडरची जागा, ती आपल्या घाटात देवगांडुळाने धरली आहे. जगात याच्या दोनशेच्या वर जाती, त्यातल्या चाळीसेक भारतात.

१. आधी पाय मागे, मग डोळे पुढे

ओळख करून घ्यायची हौस चांगली, पण वेल्ह्याच्या पावसात बांधावर नाग, घोणस, मण्यार सगळेच फिरत असतात. एकदा रात्री गोठ्यामागे चिखलाने माखलेलं काळसर, लांबट काही दिसलं. मी "देवगांडूळ" म्हणत वाकलो. बॅटरीचा झोत स्थिर झाला तेव्हा चिखलाखालून पांढरे आडवे पट्टे दिसले. मण्यारीचं पिल्लू होतं. त्या दिवसापासून माझा पहिला नियम ठरला: ज्याची ओळख पटलेली नाही ते विषारी समजायचं आणि दोन हात लांबून बघायचं. मारायचंही नाही आणि उचलायचंही नाही. लोक मारतात ते भीतीने आणि उचलतात ते फुशारकीने. दोन्हीत बघायचं राहूनच जातं.

२. जागा अर्धी ओळख करून देते

सुरुवातीला मी प्राणी शोधायचो. आता जागा शोधतो. देवगांडूळ मातीत बीळ करून राहतं आणि त्याला ओल लागते, पण तुंबलेलं पाणी नको असतं. त्यामुळे त्याचे पत्ते ठरलेले असतात: खाचराच्या बांधाची सावलीकडची बाजू, जुन्या उकिरड्याची कड, केळीच्या बुडखाजवळची भुसभुशीत माती, ओढ्याकाठचा अर्धा रुतलेला दगड, देवराईतला पाचोळा. गांडुळं, वाळवी आणि मातीतले बारीक किडे हे त्याचं खाणं. म्हणजे जिथे माती काळी, वासाची आणि गांडुळांनी भरलेली, तिथे बघावं. खडकाळ माळावर, तापलेल्या मुरमात दिवसभर हिंडलात तरी हाती काही लागणार नाही. तिथे लांबट काही सरपटलं, तर ते दुसरंच असणार, एवढं न बघताही म्हणता येतं.

वेळही जागेइतकीच महत्त्वाची. मृग बरसला की जमीन मऊ होते, पण माझ्या वहीतल्या बहुतेक नोंदी आर्द्रा ते पुष्य या काळातल्या आहेत. तरणा पाऊस लागून राहतो, बिळांत पाणी शिरतं आणि खालचं जग वर येतं. सलग तीन दिवस झड लागली की रात्री आठनंतर मी छत्री आणि बॅटरी घेऊन वेल्हे रस्त्याच्या कडेने चालत जातो. जितकी जिवंत देवगांडुळं मी बांधावर पाहिली, जवळजवळ तितकीच मेलेली त्या डांबरावर पाहिली आहेत. चाकाखाली आलेली. दसऱ्यानंतर ती खोल जातात आणि पुढच्या पावसापर्यंत कुणाच्या दृष्टीला पडत नाहीत. उन्हाळ्यात "आमच्या अंगणात देवगांडूळ निघालं" असा कुणाचा फोन आला की मी आधी विचारतो, "नळाजवळ का?" नळाजवळ नसेल तर शक्यता कमीच.

३. साप सुका, हे ओलं

ही किल्ली मला पुस्तकात सापडली नाही. लावणीच्या बायकांकडून मिळाली. आमच्या वावरात दरवर्षी लावणीला येणाऱ्या एक आजी आहेत, सत्तरी उलटलेल्या. मी त्यांना फोटो दाखवून कौतुकाने समजावत होतो की बघा, हा साप नाही. त्यांनी इरल्याखालून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आरं बाबा, साप सुका असतोय. ह्यो वला हाय. हातातनं निसाटतोय. त्याला काय साप म्हणायचं?" मी चार वर्षं पुस्तकं चाळून जिथवर आलो होतो, तिथे त्या पन्नास लावण्यांपूर्वीच पोचल्या होत्या.

सापाला खवले असतात, म्हणून त्याची कातडी कोरडी असते. देवगांडुळाची त्वचा उघडी, चिकट स्रावाने माखलेली असते आणि अंगावर आडव्या वळ्या असतात. बॅटरीचा झोत तिरका टाकला की फरक कळतो. खवल्यांवर उजेड ठिपक्याठिपक्यांनी चमकतो. ओल्या त्वचेवर तो एका सलग रेघेत पसरतो.

दोन साप इथे हमखास घोटाळा करतात. एक वाळा. कुंडीत, न्हाणीच्या मोरीत निघणारा, सुतळीएवढा काळा साप. लोक त्याला गांडूळच समजतात. तो गुळगुळीत, चकचकीत आणि भलताच चपळ असतो. शेपटीच्या टोकाला बारीकसा काटा असतो, तो हाताला टोचतो, पण इजा करत नाही. या वाळ्यात सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय अंडी घालतात. दुसरा खापरखवल्या. हा जाडसर, घाटातल्या ओल्या मातीतच राहणारा, म्हणजे जागेवरून फसवणारा. त्याचं डोकं निमुळतं आणि शेपूट तिरकं छाटल्यासारखं, खापरीच्या तुकड्यासारखं खरबरीत. नाव त्यावरूनच पडलं. तोही बिनविषारी. दोघेही सुके. आजींच्या परीक्षेत दोघे लगेच बाहेर पडतात.

४. चाल बघा

ओलं आहे, वळ्या आहेत, साप नाही, एवढं ठरलं तरी गांडूळ की देवगांडूळ हा प्रश्न उरतोच. इथे घाई करायची नाही. मिनिटभर चालू द्यायचं.

गांडुळाला कणा नाही. ते रबरासारखं लांबतं, बारीक होतं, मग आखडतं आणि जाड होतं. देवगांडुळाला कणा आहे, कवटी आहे, बरगड्याही आहेत. ते लांबत-आखडत नाही. मऊ मातीत ते डोकं पाचरीसारखं घुसवतं आणि अंगातल्या अंगात सरकतं. कातडी जागच्या जागी टेकलेली राहते, आतला सांगाडा पुढे जातो आणि मग कातडी मागून येते. जुन्या गादीच्या खोळीत कापूस सरकावा तसं दिसतं ते. उघड्यावर ठेवलं तर सापासारखी नागमोडी वळणं घेतं आणि पाण्यात पडलं तर वामीसारखं पोहतं. वाम मात्र मासा आहे, तिला पर आणि कल्ले असतात. भातखाचरात मासे धरणाऱ्या पोरांनी एकदा देवगांडूळ "बिनपराची वाम" म्हणून माझ्याकडे आणलं होतं. नाव चुकलं, पण निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. त्या पोरांना मी पन्नास रुपये दिले आणि देवगांडूळ त्यांच्याच हाताने ओढ्याकाठी सोडायला लावलं.

५. तोंड सापडलं की भीती जाते

"दुतोंड्या" हे नाव आमच्याकडे सर्रास कुणालाही लावतात. मांडुळाला लावतात, खापरखवल्याला लावतात, याला तर लावतातच. दोन तोंडांचं म्हणजे सहा महिने इकडून आणि सहा महिने तिकडून चालणारं, अशीही एक गोष्ट असते. या अशा गोष्टींपायीच मांडूळ गुप्तधनाच्या नावाखाली लाखोंना विकलं जातं आणि ते विकणारे पोलिसांच्या हाती सापडल्याच्या बातम्या पुण्याच्या पेपरात वर्षाआड येतात.

एक साधं भिंग घ्या. देवगांडुळाचं एक टोक किंचित चपटं, पुढे आलेलं असतं. त्याच्या खालच्या अंगाला तोंडाची फट असते, फावड्याखाली पातं असावं तशी. आत खरे दात असतात. गांडुळाला जबडा नाही आणि दातही नाहीत. डोळे कातडीखाली दडलेले, काहींत राखी ठिपक्यासारखे दिसतात, काहींत दिसतही नाहीत. डोळा आणि नाकपुडीच्या दरम्यान एक बारीक स्पर्शक असतो, तो आत-बाहेर होतो. वास आणि चव घेत तो अंधारात वाट काढतो. असा अवयव ना सापाला, ना बेडकाला, ना सॅलमँडरला. भिंगाखाली तो कोंब बाहेर येताना मी पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी मला तात्यांची आठवण झाली. त्यांना हे दाखवता आलं असतं, तर दुसरा घाव पडला नसता.

विषाचं विचाराल, तर माणसाला याच्यापासून धोका नाही. ब्राझीलमधल्या एका जातीच्या दातांच्या मुळाशी विषग्रंथींसारख्या ग्रंथी असल्याचं २०२० मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं. पण त्यामुळे आपल्या बांधावरच्या माणसाने पळायचं काही कारण नाही. दूर ईशान्येत २०१२ मध्ये देवगांडुळांचं एक संपूर्ण नवं कुळ उजेडात आलं, तेव्हा तिथले शेतकरीही त्यांना विषारी साप समजून मारत असल्याचं कळलं. म्हणजे कुदळ सगळीकडची सारखीच.

६. रंग फसवतो

ही माझी स्वतःची नामुष्की. पाच-सहा वर्षांपूर्वी मढे घाटाच्या वाटेवर, केळदच्या पुढे, हातभर लांबीचं, जांभळ्या-निळ्या झाकेचं काहीतरी मातीवर पसरलेलं दिसलं. मी वरून एक फोटो काढला आणि निसर्गप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर छातीठोकपणे टाकला: देवगांडूळ! अंगठे आले, फुलं आली. तासाभराने एका तरुण अभ्यासकाने नम्रपणे विचारलं, "काका, डोक्यापासून थोड्या अंतरावर एक वेगळ्या रंगाचा गुळगुळीत पट्टा दिसतोय का?" मी फोटो मोठा करून पाहिला. दिसत होता. तो गांडुळाचा पट्टा, त्यातूनच पुढे अंड्यांचा कोश तयार होतो. घाटातलं मोठं गांडूळ होतं ते. मी रंगावर भाळलो, चाल बघितली नाही आणि तोंड शोधलं नाही.

असंच माझ्या पुतणीचं झालं. ती पेनसिल्व्हेनियात असते. तिच्या मुलाने घरामागच्या रानात कुजका ओंडका उलटला आणि खाली दोन प्राणी निघाले. एकाच्या पाठीवर वीटकरी पट्टा, दुसरा नुसता शिसवी. तिने फोटो पाठवला: "काका, इथे दोन प्रकारच्या पाली आहेत." मी म्हटलं, "पायांना नखं आहेत का बघ. अंगावर खवले आहेत का बघ." नखं नव्हती, खवले नव्हते. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना पाच. कुशीवर उभ्या खाचा. पोट तीळ आणि मीठ एकत्र शिंपडल्यासारखं. दोन्ही प्राणी एकाच जातीचे निघाले, तिकडचा लाल पाठीचा सॅलमँडर. त्याची पट्ट्याची आणि बिनपट्ट्याची अशी दोन रूपं एकाच ओंडक्याखाली सापडतात. त्याला फुप्फुसं नसतात, सगळा श्वास त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून. पाठीचा रंग वेगळा, पोट मात्र दोघांचं सारखं. ओळख पोटावरून पटली.

तेव्हापासून रंग मी वहीत शेवटी लिहितो. ओल्या मातीत तो गडद दिसतो, झोतात फिका आणि आपल्या उत्साहात तर हवा तसा.

७. कुठे थांबायचं ते ठरवा

हा धडा शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. देवगांडूळ एवढी ओळख पटली की मन पुढे धावतं: कोणती जात? पुस्तकं उघडली की नावांची मोठी रांग लागते. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या एडवर्ड टेलर यांनी १९६० मध्ये खंडाळ्याच्या नमुन्यांवरून 'इंडोटायफ्लस बॅटर्सबाय' ही जात जगापुढे आणली. खंडाळा म्हणजे आमच्याच पुणे जिल्ह्यातलं. २००३ मध्ये वरद गिरी, मार्क विल्किन्सन आणि डेव्हिड गोवर यांनी आंबोलीच्या देवगांडुळाला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलं. पुढच्याच वर्षी याच तिघांनी कोयनेकाठच्या हुंबरळीतून महाराष्ट्राच्या नावाची जात नोंदवली. माझ्या नोकरीच्या काळात, मी चेक पास करत होतो तेव्हा, याच सह्याद्रीत ही नावं ठेवली जात होती.

हे वाचून मीही प्रत्येक फोटोखाली लॅटिन नाव लिहू लागलो होतो. मग कळलं की ही मंडळी वळ्या मोजतात. मुख्य वळ्या किती, दुय्यम कुठून सुरू होतात, दातांच्या ओळी, स्पर्शकाची जागा, कवटीची हाडं आणि आता तर डीएनए. मागचं टोक बघितलं तर एक ढोबळ भेद सामान्य माणसालाही कळतो. काही देवगांडुळांना गुदद्वारामागे इवलीशी शेपटी असते, काहींना मुळीच नसते. खंडाळ्याचं ते बिनशेपटीच्या घराण्यातलं. पण त्यापलीकडचं काम फोटोवरून होत नाही. म्हणून आता माझ्या वहीत "देवगांडूळ, शेपटी नाही" किंवा "देवगांडूळ, आखूड शेपटी" एवढंच असतं. बँकेत सही जुळली नाही तर आम्ही चेक परत करायचो, अंदाजाने पास करायचो नाही. इथेही तेच. खात्री जिथे संपते तिथे पेन ठेवावं. नेमकी जात ठरवायचीच असेल तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथल्या जाणकारांना नीट फोटो आणि जागा कळवावी.

८. तंबाखू मळलेला हात नको

उभयचर त्वचेतून श्वास घेतात, पाणीही त्वचेतूनच शोषतात. म्हणजे आपल्या हाताला जे लागलेलं असेल ते थेट त्यांच्या अंगात. तंबाखू-चुना मळलेला हात, मच्छरांचं मलम, सॅनिटायझर, फवारणीचे हात यातलं काहीही त्याला भारी पडतं. मीठ तर विषच. बेडकावर किंवा याच्यावर मीठ टाकून "गंमत" दाखवणारा माणूस दिसला की माझा आवाज चढतो.

हात लावायचाच नाही हे उत्तम. रस्त्यावरून बाजूला करायचं असेल तर हात ओढ्याच्या पाण्यात धुऊन, ओलाच ठेवून, खालून मातीसकट ओंजळीत घ्यावं. नाहीतर पळसाचं किंवा केळीचं ओलं पान पुढे सरकवावं. उन्हात ठेवून फोटोसेशन करू नये, ते मिनिटांत सुकतं. बरणीत भरून घरी आणणं तर सोडूनच द्या. आणखी एक. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाताना बुटांचा चिखल धुऊन जावं. बेडकांच्या त्वचेला होणारा एक बुरशीचा रोग जगभर पसरला आहे आणि तो असा ओल्या चिखलातूनही जाऊ शकतो.

९. वहीत नक्षत्र लिहा

फोटो सगळेच काढतात. कुठे, कधी आणि कशाखाली, हे फार थोडे लिहितात. माझी पद्धत साधी आहे. फोटो तीन: डोकं बाजूने, मधलं अंग, मागचं टोक. शेजारी काड्यापेटी, म्हणजे माप कळतं. मग वहीत तारीख, वेळ, नक्षत्र, पाऊस कितव्या दिवसाचा, माती कोणती, वर काय होतं (दगड, पाचोळा, शेणखत) आणि ते काय करत होतं. नक्षत्र लिहितो म्हणून पुण्यातले मित्र हसतात. पण आमच्या गावात "आठ जुलैला काय दिसलं?" असं विचारलं तर कुणाला आठवत नाही. "तरण्या पावसात काय दिसलं?" म्हटलं की दहा जण बोलायला लागतात. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक असलं की पाऊस भरपूर, असं मानणाऱ्या माणसांशी बेडकाच्या भावकीबद्दल बोलायचं, तर भाषाही त्यांचीच हवी.

१०. दगड होता तसा ठेवा

शेवटचा धडा मला महागात पडला. मला म्हणजे, मला नाही.

तीन वर्षांपूर्वी ओढ्याच्या काठाशी एक चपटा दगड उचलला. खाली ओल्या पोकळीत देवगांडुळाची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली. अंडी पारदर्शक, दोऱ्यात ओवल्यासारखी एकमेकांना जोडलेली, मुगापेक्षा थोडी मोठी. मी नुसतं वाचलं होतं की कित्येक जातींची आई अशी अंडी राखत बसते, काही न खाता-पिता, न हलता. केनियातल्या एका जातीची पिल्लं आईच्या त्वचेचा वरचा थर कुरतडून वाढतात, ब्राझीलमधल्या एका जातीची आई पिल्लांना दुधासारखा स्राव पाजते, हेही वाचलेलं. पण माझ्या स्वतःच्या गावात, माझ्या पायाशी, ते वेटोळं बघताना अंगावर काटा आला. दोन फोटो काढले आणि दगड परत ठेवला.

ठेवला, पण होता तसा नाही. एक कड मातीत बसली नाही, बोटभर फट राहिली. मला ती दिसली होती. पाऊस जोरात आला म्हणून मी तसाच निघालो. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा आई नव्हती. अंड्यांच्या जागी मुंग्या होत्या.

तात्यांनी न ओळखता मारलं होतं. मी ओळखून, नाव माहीत असून, फोटो काढून तेच केलं. त्या संध्याकाळी मी वहीत काही लिहिलं नाही.

आज आमच्या खोऱ्यात बांध जेसीबीने सरळ होतात, खुरपण्याऐवजी बांधावर तणनाशक मारलं जातं, ओढ्याकाठची शेतं फार्महाऊसच्या प्लॉटांत जातात. मी एकटा ते थांबवू शकत नाही. पण आमच्या ओढ्याकडच्या खाचराचा तो बांध अजून मातीचा आहे, त्यावर फवारणी होत नाही आणि चुलतभावाने गेल्या आषाढात, कुदळ हातात असताना, मला हाक मारली: "दादा, तुझं ते वलं गांडूळ निघालंय, ये लवकर." तो थांबला होता. त्याने दुसरा घाव घातला नव्हता.

तुमच्याकडून एवढंच मागणं आहे. पावसाळ्यात कधी आमच्या बाजूला आलात, राजगड-तोरणा करून उतरताना ओढ्यावर टेकलात आणि एखादा दगड उचलावासा वाटला, तर उचला. खाली बघा. मग तो होता तसाच ठेवा, चारही कडा मातीत बसेपर्यंत.